मैलापूरमधली निवांत दुपार

मे महिन्यात चेन्नईला जाऊ नये, असं सगळेच सांगतात. साधारण ४ ते २८ मे या दिवसांना तिथे ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात आणि बोलताना ‘कत्तिरि वेयिल’. वेयिल म्हणजे ऊन. मे २००३ मध्ये या शहरानं ४५ अंशांचा पारा पाहिलेला आहे. पण माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथे राहते, तिच्याकडे जायचं किती वर्षं नुसतं घोकत होते आणि या वेळी तिचाच फोन आला, “याच महिन्यात ये. नंतर हे घर नसेल.”

आम्ही दोघी नागपूरच्या. उन्हाचं आम्हाला काय कौतुक! फक्त तिथलं ऊन वेगळं. नागपूरची हवा कोरडी. कूलरच्या ओल्या गवतातून वारा आत येतो, पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं आणि खोली गारेगार होते. चेन्नईच्या हवेत समुद्राचं बाष्प आधीच भरलेलं. पाणी वाळतच नाही, अंगावरचा घामसुद्धा नाही. त्यामुळे पारा ३८ वर असला तरी जीव नकोसा होतो. मैत्रिणीनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हट्टानं कूलर घ्यायला लावला होता. दोन दिवसांत घरातले पापड मऊ पडले आणि चादरी दमट झाल्या. त्या कूलरच्या टाकीत आता कढीपत्ता लावलेला आहे, आणि छान वाढलाय.

तिचं सासर मैलापूरचं, कपालीश्वर मंदिराच्या जवळच. या भागातला उन्हाळ्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. साडेपाचला उठले तेव्हा दारात सडा घालून तांदळाच्या पिठाचं कोलम काढून झालं होतं. तिच्या सासूबाई, म्हणजे अम्मा, वय वर्षं ८१, गच्चीवर वडाम घालत होत्या. आपल्या कुरडयांची ही चुलत बहीण. शिजवलेल्या तांदळाच्या पिठाची, कडक उन्हात वाळवलेली. शेजारच्या सुपात ताकात भिजवून वाळत घातलेल्या मिरच्या. मी म्हटलं, “अगं, या तर आपल्या सांडग्या मिरच्या!” मैत्रीण म्हणाली, “मग? मलाही इथे पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं ते हेच.”

न्याहारीला रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, त्यात ताक, मीठ आणि छोटे कांदे. ‘पळय सोरु’ म्हणजे शिळा भात. नावावर जाऊ नका. उन्हाळ्यात याच्याइतकं पोट शांत करणारं दुसरं काही मी खाल्लेलं नाही. त्यावर पितळी डबऱ्यात ठेवलेल्या पेल्यातली फिल्टर कॉफी. एवढ्या उकाड्यात गरम कॉफी कशी पितात, हा प्रश्न पहिल्या घोटाबरोबर विरून जातो.

सात वाजता आम्ही देवळाकडे निघालो. देवळाभोवतीच्या रस्त्यांना माड वीथी म्हणतात. तिथे मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं, कैऱ्या, आणि एका कोपऱ्यावर ताडगोळे सोलून देणारा माणूस. ताडगोळ्यांना तिथे ‘नुंगु’ म्हणतात. अर्धा डझन तिथेच उभ्यानं खाल्ले. पुढे एका मांडवाखाली माठातून ताक वाटत होते. आपल्याकडे जशी पाणपोई, तशी ही ताकपोई. आलं, हिंग, कढीपत्ता घातलेलं पातळ ताक, आणि पैसे विचारले तर हसून हात हलवतात. नऊच्या आत आम्ही घरी परतलो. दुपारी बाराच्या सुमारास देऊळही बंद होतं, ते थेट चारच्या पुढे उघडतं. देवसुद्धा जिथे दुपारी पडतो, तिथे आपण कशाला फिरायचं?

आणि घर सोडून कुठे जावं असं वाटतच नव्हतं. पुढे रस्त्याला लागून ओटा, त्याला तिण्णै म्हणतात. आत मधोमध उघडा चौक, मुट्रम्. त्याच्या चारही बाजूंनी खोल्या, लाल गुळगुळीत जमीन, पितळी साखळ्यांचा झोपाळा आणि मागच्या अंगणात विहीर. आपल्या जुन्या वाड्यात वाढलेल्याला हे सगळं लगेच ओळखू येतं. चौकातली हवा तापली की वर निघून जाते आणि खालून ओट्याकडची सावलीतली हवा आत सरकते. दिवसभर ही ये-जा चाललेली. माझी नजर मात्र छतावर खिळली होती. सागवानी तुळयांवर विटा सपाट न ठेवता कडेवर, तिरप्या ओळींत, चुन्यात बसवलेल्या. वर वीटचूर आणि चुन्याचा जाड थर, कित्येक दिवस बडवून घट्ट केलेला. याला ‘मद्रास टेरेस’ असंच नाव आहे. इतकं जाड छत तापायलाच संध्याकाळ होते. बाहेर रस्ता भाजत असताना आम्ही उघड्या फरशीवर उशी घेऊन लोळत होतो, आणि डोक्यावर एक जुना पंखा पुरत होता.

एक वाजल्यापासून मात्र घरात एक विषय सुरू झाला, वारा आला का? चेन्नईत पाऊस कधी यापेक्षा समुद्रावरचा वारा आज किती वाजता, याची चौकशी जास्त. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. पण मेमध्ये पश्चिमेकडून जमिनीवरचा गरम वारा जोरात असला तर तो तिला किनाऱ्यावरच अडवून धरतो. ज्या दिवशी वारा उशिरा, त्या दिवशी पारा चाळिशी ओलांडणार. दोनच्या थोडं पुढे चौकातल्या दोरीवरचं धोतर हललं. अम्मा झोपाळ्यावर डोळे मिटून होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, “वंदाच्चु.” आला.

त्या वाऱ्यात मैत्रिणीनं मूळ विषय काढला. जुलैच्या मध्यापर्यंत घर रिकामं करायचं आहे. त्यानंतर आडी महिना लागतो आणि त्यात तिथे कुणी घर बदलत नाही. चार भावंडांचा वाटा, दोन तुळयांना वाळवी, चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळत नाहीत. बिल्डर चार मजली इमारत बांधणार आणि यांना त्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट देणार. “पहिलं वर्षभर मी इथे रोज रडायचे,” ती म्हणाली. “भाषा नाही, भाकरी नाही, घाम थांबत नाही. आता तोडायची वेळ आली तर मीच एकटी नाही म्हणतेय. नवराही तयार झाला.”

“आणि अम्मा?”

ती हसली. “त्याच तर सगळ्यात पुढे!”

अम्मांना विचारलं. तमिळ, थोडं इंग्रजी आणि पुष्कळसे हातवारे अशी त्यांची बोलण्याची रीत. ओट्याच्या तीन पायऱ्या, उंच उंबरे, रात्री अंगण ओलांडून मागे न्हाणीघरात जायचं, पावसाळ्यात चौकातलं पाणी उपसायचं. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले तेव्हा ही विहीरसुद्धा तळाला गेली होती आणि टँकरच्या रांगेत त्या घागर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. “तू दोन दिवस आलीस, तुला झोपाळा दिसतो,” त्या मला म्हणाल्या. “माझे गुडघे बघ. मला लिफ्ट पाहिजे. एसी पण.”

मैत्रिणीच्या बाजूनं बोलायची माझी फार इच्छा होती, पण अम्मांचं म्हणणं मला पटलं. जुन्या घराचं कौतुक पाहुण्याला सोपं असतं. तिथे पन्नास वर्षं पाणी ओढणाऱ्या बाईनं लिफ्ट मागितली तर तिला वाडा संस्कृती कशी ऐकवायची? मैत्रिणीला मी हे सांगितलंही. ती जरा वेळ गप्प राहिली, मग उठून कॉफी करायला गेली.

साडेपाचला रिक्षानं मरीनाला गेलो. कोकणातल्या किनाऱ्याची सवय असलेल्यांना इथे चुकल्यासारखं होतं, कारण सूर्य समुद्रात बुडत नाही, मागे शहराच्या इमारतींत मावळतो. त्याचा फायदाही आहे. संध्याकाळी ऊन डोळ्यांत येत नाही, आणि पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पाण्यातून चंद्र वर येताना दिसतो. आम्हाला तो दिसला, आधी तांबूस, मग पिवळा. हातात कागदाच्या पुडीत सुंडल होतं, उकडलेले वाटाणे, खोबरं आणि कैरीचे तुकडे.

“करारात मी एक गोष्ट लिहून घेतलीय,” मैत्रीण एकदम म्हणाली. “गच्चीची एक किल्ली आपल्याकडे राहणार. पाण्याच्या टाक्या कुठेही ठेवा म्हटलं, पण दक्षिणेचा कोपरा मोकळा हवा.”

“वडामसाठी?”

“आणि मिरच्यांसाठी. फ्लॅटमध्ये एसी लावून मिरच्या वाळतात का गं?”

सुंडल संपलं होतं. तिनं अजून एक पुडी घेतली, या वेळी कैरी जास्त घालायला सांगून.