मोरेचं मैदान

मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सची २१ वळणं सायकलने चढताना मी मजेत होतो. वरंधा, ताम्हिणीवर तयार झालेल्या पायांना घाट म्हणजे माहेर. पुढच्या नाकी ला आणि लाचुंग ला या खिंडीही धापा टाकत पार पडल्या. लाचुंग ला तर पाच हजार मीटरच्या वर.

मग पांगनंतरचा चढ संपतो आणि मोरेचं मैदान पसरतं. सुमारे ४० किलोमीटर, उंची ४,७०० मीटरच्या आसपास, रस्ता सरळसोट डांबरी. तिबेटच्या चांगथांग पठाराचं हे लडाखातलं टोक. सपाटी दिसली की सायकलवाला सुखावतो, पण ते खाली. इथली हवा इतकी विरळ आणि कोरडी की लांबचा डोंगर हाकेवर दिसतो. तासभर पॅडल मारा, तो तिथेच! घाटात प्रत्येक वळण काहीतरी पदरात टाकतं. इथे रस्ता काहीच देत नाही.

त्यात दुपारचा वारा. उघडी जमीन तापली की तो सुटतो आणि सपाटीवरही सर्वांत हलका गिअर टाकायला लावतो. ओठ तडकतात, बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं की चिरांमध्ये झोंबतं. कियांग, म्हणजे इथली रानगाढवं, थोडा वेळ रस्त्याला समांतर धावली आणि उगाचच माझ्या पुढून आडवी निघून गेली. त्यांना दम लागत नाही, याचा मला रागच आला.

मैदानाच्या शेवटी डेब्रिंगहून त्सो कार सरोवराकडे वळल्यावर चांगपांचा, म्हणजे इथल्या भटक्या पशुपालकांचा, याकच्या केसांचा काळा तंबू लागला. ‘जुले, आमा-ले’ म्हणताच आजींनी आत बोलावलं. झाड नावाला नाही, त्यामुळे चुलीत वाळलेलं शेण. पाणी इथे ८४-८५ अंशांनाच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. चहा मात्र लोणी-मिठाचा, आणि वाटी अर्धी झाली की त्या पुन्हा भरणार. त्सो कारचं मीठ हे लोक पूर्वी मेंढ्यांच्या पाठीवर लादून विकायला नेत. याच वाऱ्यात, चालत.

खिंड दमवते, मैदान खचवतं, हे माझं मत तांगलांग लाच्या ५,३२८ मीटरवरही बदललं नाही. जाणार असाल तर पांगहून उजाडताच निघा आणि वारा उठायच्या आत डेब्रिंग गाठा. पांगला झोप लागली नाही तर चालेल, फारशी कुणालाच लागत नाही. पण सकाळी डोकं ठणकत असेल तर हट्ट नको. सायकल ट्रकवर टाका आणि सरळ लेह गाठा.