पाकोळीचा कडा

नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घ्यायचं, बासुंदी खायची, कवठाची बर्फी बांधून घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत कोल्हापूर गाठायचं, ही आमच्याकडची ठरलेली सहल. जोतिबा-पन्हाळा ही दुसरी. पावसाळ्यात राऊतवाडीचा धबधबा ही तिसरी. या सहलींना फारशी तयारी लागत नाही; म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकुरवाळ्यांपर्यंत सगळं घर निघतं. पण या जिल्ह्यात ठरलेल्या वाटेवरून जरा आडबाजूला वळलं की निघालेलो असतो एक बघायला आणि समोर येतं दुसरंच. देऊळ बघायला जावं तर पाखरं भेटतात, जनावरं बघायला रानात जावं तर एखादं जुनं बांधकाम वाट अडवून उभं असतं. वर्षानुवर्षं हे असंच होत आल्यावर याला योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही.

वाडीहून पुढे कृष्णेच्या काठाने खिद्रापूरला गेलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि फक्त ऊस. शिरोळ तालुक्याची ही काळी जमीन इतकी सपाट की नजर अडायला टेकाडसुद्धा नाही. या सपाटीवर शिलाहारांनी बाराव्या शतकात कोपेश्वराचं मंदिर उभारलं. पुढे यादवांनीही त्याची काळजी वाहिली. राजा सिंघणाचा शके ११३६चा शिलालेख तिथे आहे. मंदिराच्या पुढे स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांब, त्यांतले आतले बारा गोलाकार उभे, आणि त्यांच्यावर छत नाही. वर एक मोठं वर्तुळ मोकळं सोडलंय, खाली त्याच्याच मापाची गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळात येतो ते बघायला अलीकडे गर्दी लोटते. मला ते मंदिर वैशाखातल्या दुपारी जास्त कळलं.

गाभाऱ्याकडे निघालो तेव्हा दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी बजावलं, “निवांत बघा की. पर दंगा करू नगासा, वर आग्यामोहोळ हाय.” मोहोळ बघायला मान वर केली आणि पाकोळ्या दिसल्या. छताच्या तुळया आणि खांबांचे हस्त यांच्या कोनांत त्यांची घरटी एकाला एक चिकटून होती. पिसं, काड्या, कापसाचे तंतू, सगळं हवेत उडता उडता टिपलेलं आणि थुंकीने दगडाला चिकटवलेलं. पाकोळीचे पाय इतके आखूड की तिला चिमणीसारखं फांदीवर बसता येत नाही, जमिनीवर चालता येत नाही. तिला उभा दगड लागतो. नख्यांनी त्याला धरायचं आणि सोडून दिलं की पंखांवर जायचं. एक पाकोळी वरच्या वर्तुळातून आत आली, मंडपात अर्धी गिरकी घेऊन एका यक्षाच्या खांद्यामागे शिरली. आतून बारीक किलबिल उठली, थांबली, आणि ती आली तशी वर निघून गेली. शिल्पकाराने त्या खांद्यामागे सोडलेली चार बोटांची फट तिच्या कुटुंबाला पुरत होती.

पाकोळी मूळची कड्याकपारींतली. मैलोन् मैल कडा नसलेल्या या उसाच्या मुलखात ती काय करते, याचं उत्तर तिथे उभ्या उभ्याच मिळालं. तिच्या लेखी हे मंदिर नव्हतंच. शिलाहारांनी तिच्यासाठी सपाटीवर एक कडा आणून ठेवला होता. गजपीठावरचे हत्ती, दिक्पाल, नर्तकी, पानाफुलांच्या पट्ट्या यांनी त्या कड्याला हजारो खाचा आणि कपारी दिल्या. छत मोकळं सोडल्यामुळे आतबाहेर करायला वाट राहिली, पाऊस आत आला, शेवाळ धरलं, किडे आले. कृष्णेला महापूर आला की पाणी या मंदिरात शिरतं. भोवतीचं शिवार बुडालेलं असतं तेव्हाही वरच्या कपारी कोरड्या राहतात.

हे एकदा डोळ्यांत बसलं की बाकीच्या वास्तूही वेगळ्या दिसायला लागतात. पन्हाळा गड याच शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाने बांधला. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तो आहे. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या बघायला सगळेच थांबतात. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. सिद्दी जौहरचा वेढा ज्या गडाने महिनोन् महिने सोसला, त्या गडाला असं कोठार असणार हे ओघानेच आलं. मात्र जाड भिंती, उंच कमानी, आत थंडावा आणि अंधार, हे सगळं धान्यासाठी केलं तरी त्यातून तयार झाली ती गुहा. जवळच अंधारबाव आहे: तळाशी विहीर, वर मजले आणि तटाबाहेर काढणारी चोरवाट. पायऱ्या उतरताना वटवाघळांचा उग्र वास येतो, पाण्यावर बेडकाची डुबकी ऐकू येते. शत्रूला दिसू नये म्हणून माणसाने जे लपवलं, ते लपून जगणाऱ्यांच्या कामाला आलं.

गगनबावड्याच्या वाटेवर पळसंब्याला तर बांधकाम आणि निसर्ग यांतली रेघच पुसली जाते. गावाबाहेर ओढ्याच्या पात्रात, दाट झाडीखाली, अखंड पाषाणांतून कोरलेली छोटी देवळं आहेत. दगडावर दगड रचलेला नाही. नको तेवढा काढून टाकलाय. पावसाळ्यात ओढा त्यांना वळसा घालून, कुठे अंगावरून वाहतो. खेकडे त्याच दगडांखाली राहतात. हे देऊळ आणि हा ओढा असं बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि देव असल्यामुळे त्या राईला कुऱ्हाड लागत नाही. मूर्तीने झाडं राखली आणि झाडांनी मूर्तीला सावली दिली.

राधानगरीला हाच विचार उलट्या बाजूने भेटतो. तिथे आपण रान बघायला जातो आणि माणसाने घडवलेली गोष्ट बघून येतो. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५मध्ये ते वाढवलं आणि आज त्याचं क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०१२मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात तेही आलं. भोगावतीवरचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलं. पैशाअभावी काम रखडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पाणी पुरतं चढलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात, आणि त्या दिवशी पंचगंगेकाठचं प्रत्येक गाव बातमीकडे कान लावून बसतं. जलाशयात महाराजांच्या बेनझीर व्हिलाचे अवशेष आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती वर येतात.

दाजीपूरच्या सड्यावर सांजवेळी गवा बघितलाय. कळप झाडीच्या कडेला चरत होता. सगळ्यांत पुढचा नर इतका थोराड की खांद्यावरचा उंचवटा करवंदीच्या जाळीवरून दिसत होता. काळंभोर अंग आणि गुडघ्याखाली चारी पाय पांढरे. त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं, नाकातून एक फुत्कार सोडला आणि पुन्हा खाली बघून चरू लागला. हजार किलोच्या घरात जाणाऱ्या जनावराचा तो निर्धास्तपणा त्या जागेने दिलेला आहे. हे रान उरलं कारण कुणीतरी हद्द आखली, हद्दीच्या आत कुऱ्हाड थांबवली, पुढे बंदूकही थांबवली. खांब-तुळयांची बांधणी जशी ठरवून होते तशी या रानाचीही झाली. खिद्रापूरचं देऊळ पाकोळीसाठी कडा झालं; दाजीपूरचं रान गव्यासाठी राखलेला वाडा झालं.

याच दाजीपूरच्या परिसरातून २००९मध्ये पालीची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिला कोल्हापूरचं नाव दिलं. रात्रीऐवजी दिवसा वावरणाऱ्या, गोल बाहुलीच्या डोळ्यांच्या पालींच्या कुळातली ती. गव्याचा फोटो काढायला येणाऱ्यांना ती दिसत नाही, पण गव्यासाठी राखलेल्या जागेत तिचाही संसार टिकला.

जगात इतरत्रही हे घडलंय. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात स्केलिग मायकेल नावाचा सुळका आहे. तिथे ख्रिस्ती साधूंनी शतकांपूर्वी चुन्याशिवाय दगड रचून झोपड्या बांधल्या. साधू गेले, आता त्या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल नावाचे चिमणीपेक्षा थोडे मोठे समुद्रपक्षी अंडी घालतात. त्या देशात गव्हाणी घुबडं पडक्या किल्ल्यांत राहतात, आणि पश्चिमेकडच्या परगण्यांत पाच-सात ग्रॅम वजनाचं नाल-नाक्या कुळातलं एक वटवाघूळ जुन्या घरांच्या माळ्यांवर पिल्लं वाढवतं. त्याच्यासाठी तिथल्या लोकांनी पडकी घरं मुद्दाम दुरुस्त केलीत: छप्पर धरलं, उडत आत येण्यापुरती वाट ठेवली, बाकी घर अंधारात राहू दिलं.

आपल्याकडे वास्तूची काळजी एक खातं घेतं आणि प्राण्याची दुसरं, आणि दोघांच्या कागदांत पाकोळी कुठेच बसत नाही. गावोगावी जीर्णोद्धार जोरात आहेत. श्रद्धा खरी आहे, वर्गणी घामाची आहे, म्हणून या कामांबद्दल तुसडेपणाने बोलणं मला पटत नाही. तरी फटी सिमेंटने लिंपल्या जातात, कमानींना जाळ्या बसतात, दगडावर ऑइलपेंट चढतो, रात्रभर दिव्यांचे झोत सोडले जातात, तेव्हा आपण त्या वास्तूतला एक मजला रिकामा करत असतो. कबुतरांच्या विष्ठेने शिल्पं झिजतात हे खरं, वटवाघळांच्या घाणीचा त्रास होतो हेही खरं. त्यावर उपाय आहेत: कोणती फट कुणाची हे आधी बघणं, अंड्या-पिल्लांचे महिने टाळून काम काढणं, एक अंधारा कोपरा अंधाराच राहू देणं.

दाजीपूरच्या कडेची माणसं याहून मोठी किंमत मोजतात. गवा रातोरात उसात, भातात उतरतो आणि वर्षाचं पीक तुडवून जातो. सहलीला आलेल्याने गव्याचं कौतुक करावं आणि नुकसानीचा पंचनामा मात्र शेतकऱ्याने एकट्याने झेलावा, यात न्याय नाही. रान राखल्याचा मान आपण सगळे घेतो, तेव्हा भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळते का, हे विचारणं शहरातल्या माणसाचंही काम आहे.

शिलाहारांनी छतात वर्तुळ मोकळं ठेवलं, पळसंब्याच्या लोकांनी राई ठेवली, छत्रपतींनी रान ठेवलं. पाकोळीचा, खेकड्याचा, पालीचा विचार त्यांच्या मनात असेलच असं नाही. पण सगळी जागा आपल्याच उपयोगाने भरून टाकली नाही, एवढ्यावरच हे जीव आजपर्यंत आले. आपल्याला तर आता ठाऊक आहे की तिथे कोण राहतं. त्यांनी नकळत जेवढी जागा सोडली, निदान तेवढी आपण जाणूनबुजून सोडली पाहिजे. पुढच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीत, रंगाच्या डब्यांचा हिशेब मांडायच्या आधी, कुणीतरी उठून विचारावं: या देवळात देवाशिवाय आणखी कोण राहतं?