टकिलाची चुलत बहीण आमच्या अंगणात

मिठाची चिमूट, लिंबाची फोड आणि एका दमात टकिला शॉट... शनिवार रात्रीचा हा विधी आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. पण घायपात माहितीये? टकिला जिच्यापासून बनते ती निळसर अगेव्ह मेक्सिकोची. आपल्याकडे शेताच्या बांधावर तलवारीसारखी पानं उगारून उभी असते ती घायपात, म्हणजे तिची चुलत बहीणच. तीही मूळची अमेरिका खंडातली, इथे येऊन रुळलेली. आमच्या बुलडाण्याकडे तिला केकताड म्हणतात.

पुण्यात हल्ली ही बाई भलतीच भाव खाते. ऑफिसच्या लॉबीत, हॉटेलच्या दारात, पांढऱ्या गोट्यांच्या मधोमध, खालून लाइट वगैरे. नर्सरीत पिवळ्या काठाच्या एका रोपाचा भाव ऐकला आणि मला आजोबांचं शेत आठवलं. तिथे ती फुकट होती. गुरं आत येऊ नयेत म्हणून बांधावर लावलेली. दोर वळणारे कारागीर पानं कापून न्यायचे, पाण्यात कुजवायचे, चेचून वाख काढायचे आणि पोळ्याच्या आधी बैलांसाठी नवे दोर घरी यायचे. मग नायलॉन आलं आणि केकताड नुसतीच उभी राहिली.

मी तिला पुन्हा घरी आणली ती मात्र फॅशन म्हणून नाही. आईच्या गुडघ्यांसाठी!

आई-बाबा बुलडाण्यात, भाऊ नागपुरात, मी पुण्यात. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची गोष्ट. घरापुढे बाबांनी नोकरीत असताना हौसेने केलेली लॉन. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येणार. मग साठी ओलांडलेली आई तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी साठवून बादल्यांनी ती लॉन जगवणार. फोन केला, की उत्तर ठरलेलं, "झाडांना पाणी घालतेय." ती पाणी घालत नव्हती हो, वाहत होती. २०१८ मध्ये सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्या यादीत आमच्या जिल्ह्यातलेही तालुके होते. अशा ठिकाणी लॉन म्हणजे कोणाचा छंद आणि कोणाची शिक्षा, तुम्हीच ठरवा.

मी लॉन काढू या म्हटलं आणि घरात संसद भरली. बाबा म्हणाले, "अगं, केकताड बांधावर शोभते. दारात लावली तर लोक म्हणतील, मास्तरांना झाडं जगवणं होईना." आईचा प्रश्न वेगळाच होता. "हिले फूल कधी येते वं?" मी खरं ते सांगितलं. दहा, पंधरा, कधी पंचवीस वर्षांनी. तेही एकदाच. उंच दांडा वर जातो, फुलतो आणि मग ते झाड मरतं. आई शांतपणे म्हणाली, "मंग मी रोज देवाले काय वाहू?"

याला काय उत्तर देणार? तह झाला. स्वयंपाकघरामागची तुळस, मोगरा आणि जास्वंद आईची. पुढची लॉन घायपातीची.

आता थोडं टेक्निकल. परदेशी पुस्तकांतली 'डेझर्ट गार्डन' इथे जशीच्या तशी उचलू नका. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडला, की साधारण वाळवंट म्हणतात. आमच्याकडे त्याच्या जवळजवळ तिप्पट पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. घायपातीला मे महिन्याचं भय नाही. ती नाइट शिफ्टवाली आहे. दिवसा पानांची छिद्रं मिटून पाणी वाचवते, रात्री उघडून हवा घेते. तिचा जीव जातो जुलैत! काळी माती पाणी धरून ठेवते आणि बुंधा कुजतो. ओळखीतल्या एका काकांची चार रोपं अशीच गेली.

म्हणून आम्ही काळ्या मातीवर दीड फूट उंच, उतरता गादीवाफा केला. मुरूम, दगडाची खडी, भरड वाळू आणि थोडंसंच शेणखत. मध्ये दोनच मोठ्या घायपाती, पिवळ्या काठाच्या. दोघींमध्ये आठ फूट अंतर, कारण रोप वीतभर दिसलं तरी पुढे सहा-आठ फूट पसरतं. पायवाटेकडे अगेव्ह अटेन्युआटा. तिच्या पानांना काटे नसतात, पण भर दुपारचं ऊन तिला सोसत नाही, म्हणून ती भिंतीच्या सावलीत. व्हिक्टोरिया रेजिना ही छोटी, पांढऱ्या रेघांची नखरेल पोरगी. ती कुंडीत, म्हणजे पावसाळ्यात उचलून पोर्चमध्ये ठेवता येते. घरात लहान मुलं येत असतील तर पानांच्या टोकाचा काटा तेवढा कापा. आणि ग्लोव्ह्ज घालाच, पानातला रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते.

हा आमचा तिसरा पावसाळा. एकही रोप कुजलं नाही. मुळं धरल्यावर भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. आईच्या बादल्या दहावरून दोनवर आल्यात आणि त्या दोन मोगऱ्याच्या आहेत, तिच्या आवडीच्या. संध्याकाळी ती आता बाबांबरोबर पायरीवर बसते. बुंध्याशी पिल्लं फुटलीत, ती तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावून शेजारी वाटते. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "अगेव्ह आहे. मेक्सिकोची." केकताड हा शब्द मात्र अजून तोंडातून काढत नाहीत.

आपण शिकायला, नोकरीला बाहेर पडतो. मागे राहिलेल्या अंगणाला पाणी कोण घालतं, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर बादल्यांचीही चौकशी करा. आकडा ऐकून दचकाल!