खितोन : ग्रीकांच्या अंगावरचा परका शब्द

१/ काही वर्षांपूर्वी ग्रीक शिल्पांवर लिहिताना 'खितोन' या शब्दाचा अर्थ मी 'निखळ ग्रीक झगा' असा देऊन मोकळा झालो होतो. परवा ते टिपण पुन्हा वाचले आणि ओशाळलो. तीन शब्दांत दोन चुका होत्या. हा धागा म्हणजे त्यांची दुरुस्ती.

२/ पहिली चूक 'झगा' ही. झगा बेतून, कापून शिवतात. खितोन म्हणजे मुख्यतः मागावरून उतरलेले आयताकृती कापड. ते अंगाभोवती घेऊन खांद्यांवर टाके, गुंड्या किंवा टाचण्यांनी जोडायचे आणि कमरेला पट्टा बांधायचा. पुरुषांचा खितोन बहुधा आखूड, स्त्रियांचा घोट्यापर्यंत. वरून पांघरायचे ते 'हिमातिऑन'. डेल्फीचा ब्राँझचा सारथी आठवा. खांबावरच्या खाचांसारख्या सरळ चुण्यांचे त्याचे लांब वस्त्र म्हणजे खितोनच.

३/ दुसरी चूक अधिक गंभीर : 'निखळ ग्रीक'. बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते हा शब्द सेमिटिक भाषांतून आला. अक्कादियन 'कितू' म्हणजे जवसाच्या धाग्याचे कापड, लिनन. हिब्रू 'कुत्तोनेत' म्हणजे अंगरखा. ही उसनवारी फार जुनी आहे. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडलेल्या लिनिअर बी लिपीत, क्नोसॉसच्या मृत्पट्टिकांवर, 'कि-तो' हा शब्द आढळतो. म्हणजे होमरच्याही कित्येक शतके आधी तो ग्रीकांच्या तोंडी रुळला होता.

४/ हेरोडोटस एक भीषण कथा सांगतो. एजिनावरील स्वारीतून एकच अथेन्सकर जिवंत परतला. मृतांच्या बायकांनी त्याला घेरले आणि 'माझा नवरा कुठे आहे?' असे विचारत वस्त्राच्या टाचण्यांनी भोसकून ठार केले. तेव्हा अथेन्सने स्त्रियांचा डोरियन पेहराव बदलून, टाचण्या न लागणारा लिननचा आयोनियन खितोन आणला. पुढे हेरोडोटस स्वतःच पुस्ती जोडतो : खरे पाहता हा पेहराव आयोनियन नव्हे, मूळचा कारियन.

५/ जे हेरोडोटसने सहज मान्य केले, ते मला का सुचले नाही? कारण एखादी तरी संस्कृती निखळ असावी, अशी माझीच सुप्त इच्छा होती. ते टिपण लिहिताना माझ्या अंगात सदरा होता, आणि 'सदरा' हा शब्दही मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. तो परका आहे असे मला कधी जाणवलेही नव्हते.

६/ टिपणातून 'निखळ' आणि 'झगा' हे दोन्ही शब्द आता खोडले आहेत. 'खितोन' तसाच ठेवला आहे.