घराण्यांतला क्षय

मेहकरकडे सोयरीक जुळवितांना ‘त्यांच्या घराण्यांत क्षय आहे’ हें एक वाक्य पत्रिकेहून अधिक काम करतें. गेल्या वर्षीं माझ्या पुतणीचें ठरत आलेलें लग्न त्यावरच मोडलें. थोरले बंधु औषधानें पुरते बरे झाले होते, तरी!

क्षय वारशानें येत नाहीं, तो श्वासावाटे येतो. कॉकने १८८२ सालींच त्याचे जंतु दाखविले. तथापि आनुवंशिकतेचा कांहींच संबंध नाहीं असेंहि नव्हे. एका जुळ्याला क्षय झाला असतां दुसऱ्यालाहि तो होण्याचें प्रमाण हुबेहूब जुळ्यांत अधिक असतें, असें न्यूयॉर्कच्या कालमान व राइझनर यांस १९४३ सालीं आढळलें. तरी अपुरें अन्न, मधुमेह आणि आमच्या वाड्यांतलीं कोंदट माजघरें यांचा दोष मला मोठा वाटतो.

घरांतील सर्वांची त्वचेवरची चाचणी झाली. बंधूंच्या उशाशीं रात्रंदिवस बसलेल्या वहिनींचा हात कोराच राहिला. माडीवर निजणाऱ्या पुतणीचा मात्र सुजला. असें कां, याचें थोडेंबहुत उत्तर जनुकांत असावें. तिच्या देहांत जंतु निद्रिस्त आहेत. अशा शंभरांतून पांच-दहांनाच पुढें रोग होतो, आणि निद्रिस्त जंतु दुसऱ्यास लागत नाहींत. तोहि धोका कमी व्हावा म्हणून तिनें आठवड्यास एकदां, अशा बारा वेळां गोळ्या घेतल्या.

आतां खामगांवचें स्थळ आलें आहे. वहिनी म्हणतात, गोळ्यांची गोष्ट पहिल्याच भेटींत सांगावी. बंधु गप्प आहेत. मी वहिनींच्या बाजूचा.