घोडा 'पुरे' म्हणत नाही
आमच्या भालकी-बीदरकडची माणसं माळेगावला खंडोबाच्या जत्रेला जातात. तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग चाल, मग विचारतं, "किती पळतो?" मी म्हणते, थांबल्यावर किती वेळात निवतो, ते विचारा की!

लांब पल्ल्याच्या शर्यतींत हेच तपासतात. टप्पा संपला की ठरल्या वेळात नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ६४ पर्यंत उतरावे लागतात. नाही उतरले तर पहिला आलेला घोडाही बाद. निवांत उभ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. दुसऱ्या दिवशी दुडक्या चालीत पाय सरळ पडतोय का, वैरण-पाणी नेहमीसारखं घेतोय का, हेही बघायचं. मगच अंतर वाढवायचं, आणि तेव्हा वेग वाढवायचा नाही. दम काही महिन्यांत वाढतो. हाडं आणि पायाच्या शिरा मुरायला त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून दमदार घोडाच फसवतो बघा.

आम्हा जैनांच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे 'अतिभारारोपण', म्हणजे जनावराला पेलवेल त्याहून जास्त ओझं लादणं. पोत्यांचं ओझं डोळ्यांना दिसतं, कोसांचं दिसत नाही. पण तेही ओझंच. घोडा 'पुरे' म्हणत नाही. त्याच्या वतीनं ते आपण म्हणायचं, आणि वेळेवर म्हणायचं.