खळ्यातून सांगितलेला भाव

एप्रिल सरत आला की फोन सुरू होतात. बहुतेक मुंबईहून, संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. "गावच्या घराचं छप्पर साफ करून घ्यायचंय. किती होतील?" पाठोपाठ मोबाइलवर फोटो येतो. घर अर्धं आंब्याच्या फांदीआड, कौलांवर काळपट हिरवा थर, एका कोपऱ्यात पन्हळ लोंबकळलेली. मी सांगतो, "बघून येतो, मग सांगतो." काहींना ते आवडत नाही. दुसऱ्याने फोटो बघून लगेच आकडा सांगितलेला असतो. ते काम त्याच्याकडे जातं, आणि मी जाऊ देतो.

गेली सव्वीस वर्षं दापोली तालुक्यात मी हे काम करतो. काकांच्या हाताखाली लागलो तेव्हा गावात नळ्यांची घरं शिल्लक होती. नळे दरवर्षी परतावे लागत, कारण मांजर धावलं तरी ते सरकत. त्याला भाव असा नव्हताच. वाडीतली माणसं यायची, दुपारचं जेवण त्या घरी, आणि त्या घरातला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या छपरावर. पुढे मंगलोरी कौलं आली. मंगळुरात बासेल मिशनने 1860 च्या दशकात सुरू केलेल्या कारखानदारीचं ते कौल. एकात एक अडकतं, म्हणून दरवर्षी हात लावायला नको. पण त्यामुळेच लोक त्याला दहा-दहा वर्षं विसरतात, आणि मग एकदम फोन करतात.

पहिली अडचण शब्दातच आहे. 'साफ करणे' म्हणजे काय? पालापाचोळा झाडून पन्हळी मोकळ्या करायच्या, की कौलं उतरवून, घासून, फुटकी बदलून पुन्हा लावायची? पहिलं काम दोन माणसांचं एका दिवसाचं. दुसऱ्याला चौघं चार-पाच दिवस खपतात. गिऱ्हाईक दोन्हीला एकच शब्द वापरतं, आणि ज्याने फोटो बघून आकडा सांगितला त्याने यातलं कुठलं धरलं ते कोणालाच ठाऊक नसतं. भांडणं इथूनच सुरू होतात.

दुसरी अडचण मापाची. घरमालक म्हणतो, बाराशे फुटांचं घर आहे. तीस बाय चाळीस, बरोबर आहे त्याचं. पण छप्पर भिंतीवर संपत नाही. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली की चौतीस बाय चव्वेचाळीस होतं, म्हणजे जवळजवळ पंधराशे. त्यात उतार. आमच्याकडच्या पाख्याला बारा फूट आडवं गेलं की उतारावर जवळजवळ चौदा फूट भरतात. म्हणजे बाराशेच्या घराचं छप्पर सतराशेच्या वर गेलं. शंभर फुटांचा ब्रास आणि ब्रासाला दीडशेच्या आसपास कौलं धरली, तर अडीच हजारांच्या वर कौलं हातातून जाणार. मी टेप लावतच नाही. खळ्यात उभं राहून वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळी मोजतो, मग एका ओळीतली कौलं मोजतो, की पाख्याचा हिशेब होतो. कौलं मोजली की घरमालकालाही पटतं, कारण तो स्वतः मोजून बघू शकतो.

इतकं खळ्यातून कळतं. पण काकांनी मला खळ्यातून भाव सांगू दिला नाही. ते आधी माळ्यावर जायचे. दुपारी, ऊन डोक्यावर असताना, खालचा दिवा बंद करून. अंधारात थोडा वेळ बसलं की छपराला पडलेली भोकं उजेडाने दिसू लागतात. जिथे उजेडाचा ठिपका, तिथे कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. ते सोपं. खरं बघायचं ते रिपांवर. कौल रिपेवर टेकतं आणि रीप वाशावर. रिपेवर पाण्याचा काळा ओघळ असला, की तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघायचा. लाकडात लोण्यासारखा गेला तर ती रीप कौल उचलताच मोडणार. बंद घरांत हे फार वाढलंय. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर साचायचा, वासे काळे व्हायचे आणि वाळवीही त्यांना कमी लागायची. आता गॅस आहे, आणि मुंबईकराच्या घरात तर वर्षातून गणपतीचे दहा दिवस सोडले तर तोही पेटत नाही. लाकूड वरून धडधाकट आणि आतून भुसा.

म्हणून आकडा ठरवताना कौलांची मजुरी हा भाग सगळ्यात सोपा. माझी चार माणसं दिवसाला सहाशे-साडेसहाशे कौलं उतरवून, घासून, परत लावतात. अडीच हजारांना चार दिवस. वर चढणाऱ्या दोघांना हजार-हजार, खालच्या दोघांना सहाशे-सहाशे, म्हणजे दिवसाला बत्तीसशे, चार दिवसांना बारा हजार आठशे. शिड्या-दोर आणणं-नेणं, चहा-जेवण, आणि मे महिन्यात वळवाने एक दिवस फुकट घालवला तर त्या दिवसाची अर्धी मजुरी, हे धरून माझं काय उरायचं ते उरून सतरा हजार होतात. रिपा आणि नवी कौलं मात्र त्यात नाहीत. ती मी वेगळी लिहितो: अंदाजे इतक्या रिपा, एका रिपेचे लाकूड आणि मजुरी धरून इतके, जेवढ्या लागतील तेवढ्याचे पैसे. सगळंच उक्तं सांगणारा माणूस दोन्हीपैकी एक करतो. कुजक्या रिपा धरून भरमसाट सांगतो, किंवा कमी सांगतो आणि कुजकी रीप तशीच ठेवून वर कौल झाकतो. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात दिसते.

कोणी मला विचारतं, मशीनने पाणी मारून एका दिवसात का करत नाही? सिमेंटच्या गच्चीला मशीन चांगलं आहे, मी वापरतो. कौलाला नाही. जोराचं पाणी खालून वर किंवा आडवं मारलं की कौलांच्या जोडातून आत घुसतं आणि माळा भिजतो. भाजलेल्या मातीवरची कठीण साय निघून जाते. मग ते कौल दुप्पट पाणी पितं आणि शेवाळ आणखी लवकर धरतं. शेवाळ मारायचं औषधही मी छपरावर ओतत नाही. ते पागोळ्यांवाटे खाली येतं, खाली अबोली असते, तुळस असते, आणि चार पावलांवर विहीर. काथ्याचा ब्रश, बादलीभर पाणी आणि वेळ. माझा भाव जास्त दिसतो तो या वेळेमुळे, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र मी एकदा भाव पाडला. पंधरा वर्षं झाली असतील. पुढे काम नव्हतं, समोरचा घासाघीस करत होता, आणि मी खालचा एक माणूस कमी करून आकडा खाली आणला. तो माणूस नुसता शिडी धरतो, दोराकडे लक्ष ठेवतो, वर कोण कुठे पाय ठेवतंय ते बघून हाक मारतो. गिऱ्हाइकाला तो बसलेलाच दिसतो. घराला मागे पडवी होती, तिच्यावर जुना सिमेंटचा पत्रा, धुळीने आणि पानांनी झाकलेला. पत्र्यावर पाय ठेवायचा तर स्क्रूंच्या रेषेवर, जिथे खाली दांडा असतो. माझ्या वर चढलेल्या पोराचा पाय दोन रेषांच्या मध्ये पडला. हाक मारायला खाली कोणी नव्हतं. तो पत्र्यासकट पडवीच्या लादीवर आला. मांडीचं हाड मोडलं, वर्षभर काम नाही. मी जे वाचवलं होतं ते त्या दिवशी दापोलीला गाडीत नेण्यातच गेलं. पुढचं सगळं वेगळं. तेव्हापासून खालचे दोघं आणि दोर माझ्या आकड्यात आहेत, आणि त्यावर मी बोलणी करत नाही. कमी हवं असेल तर मागचं पाखं पुढच्या वर्षी करू म्हणतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा यातलं कुठलंच गणित चालेना. दापोली-मंडणगडकडे घरांची छपरं उघडी पडली, पाऊस तोंडावर, वीज नाही, त्यात टाळेबंदी. कौलं मिळेनात. मिळाली तर वेगळ्या कारखान्याची, आणि एका साच्याचं कौल दुसऱ्या साच्यात नीट बसत नाही. लोक भाव विचारतच नव्हते. "काय घ्यायचं ते घ्या, पण आज या." त्या वाक्यावर माणूस काय वाटेल ते लिहू शकतो, आणि काहींनी लिहिलं. मी त्या महिन्यात एकही काम उक्तं घेतलं नाही. मोडलेल्या छपराखाली किती वासे धड आहेत ते मलाही माहीत नव्हतं, मग ठरलेला आकडा कशाच्या जोरावर सांगू? रोजावर गेलो, मे महिन्यातल्याच रोजाने. माणसांना मात्र जास्त दिले, कारण ओल्या छपरावर चढायला मीच त्यांना सांगत होतो. त्या महिन्यात मला काही उरलं नाही. पडक्या घरांतली धड कौलं उचलून, साच्याप्रमाणे वेगळी रचून ठेवायला दोन बायका लावल्या होत्या. त्यांची मजुरी कुठल्याच घराच्या हिशेबात बसत नव्हती. ती मी सगळ्या घरांवर थोडी थोडी वाटली आणि प्रत्येकाला तसं सांगितलं.

गेल्या मे महिन्यात आमच्याच वाडीच्या वरच्या पाखाडीला एका आजींचं घर केलं. एकट्या राहतात. माळ्यावरून उतरून मी कागदावर लिहिलं: मजुरी इतकी, कौलं साठ, रिपा चौदा. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "चौदाच का रे? पंधरा का नाही?" मी त्यांना माळ्याच्या शिडीपाशी नेलं आणि खालूनच खडूच्या खुणा दाखवल्या. काम झालं तेव्हा रिपा अकराच लागल्या होत्या. तीन रिपांचे पैसे मी परत काढून ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत. विचारलं, "एवढ्यात काचेचं कौल येईल का एक?" येईल म्हटलं. "मग देवघरावर बसव. पूर्वी होतं तिथे, माकडांनी फोडलं. तुमच्या काकांनी बसवलेलं होतं ते."